तिसऱ्या कडव्याआधी

माझ्या वडलांना आयुष्यभर एकच गाणं येत होतं आणि तेही अर्धंच. अंघोळ करताना, सायकल पुसताना, मला शाळेत सोडताना तीच दोन कडवी. "आण्णा, पुढचं म्हणा की," म्हटलं तर म्हणायचे, "पुढचं मी ऐकलंच नाय. तवा मी पळत होतो."

ते का पळत होते, हे आमच्या घरात पोराटोरांनाही पाठ आहे. तरी सांगते. मी मास्तरीण आहे, एकच गोष्ट शंभरदा सांगायची मला सवय आहे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा मी सहा वर्षांची होते. गावातली आमच्या लोकांची घरं जाळली गेली. आण्णा, म्हणजे रामकिसन, तेव्हा शहरात हमालीला आलेले. आई, पारूबाई, मला आणि कडेवरच्या अतुलला घेऊन उजाडायच्या आत ओढ्याकडेनं निघाली. दोन दिवस चालून शहरातल्या एका शाळेत पोचली. गावोगावची माणसं तिथं येऊन उतरली होती. इकडं बातमी ऐकून आण्णा गावाकडं धावले, तर घराची राख आणि माणसांचा पत्ता नाही. अकरा दिवस ते या वस्तीतून त्या वस्तीत आम्हाला हुडकत फिरले. कुणी म्हणायचं, गेली असतील हो. कुणी काही म्हणायचंच नाही, ते जास्त वाईट.

मग एका संध्याकाळी एका वस्तीत गायन पार्टीचा कार्यक्रम चालू होता. आण्णा नुसते टेकायला म्हणून बसले. दुसरं कडवं संपलं आणि गायकानं पेटीचा सूर तसाच धरून खिशातनं चिठ्ठी काढली. त्या दिवसांत या पार्टीची ती रीतच होती. दिवसा सायकलवर शाळाशाळांतून फिरायचं, कोण सुखरूप पोचलंय ते लिहून आणायचं आणि संध्याकाळी गाण्याच्या मधोमध वाचायचं. आधी वाचलं तर गर्दी जमलेली नसते, शेवटी वाचलं तर पांगलेली असते. त्या चिठ्ठीत आमची नावं आली. आण्णा उठले आणि चपला तिथंच टाकून पळाले. कुणाची पार्टी, गायक कोण, काही विचारलं नाही.

नंतर मात्र ते आयुष्यभर त्या गायकाला शोधत राहिले. दर चौदा जानेवारीला, नामांतर दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर जायचे आणि कॅसेटवाल्यांपुढं उभं राहून आपली दोन कडवी गाऊन दाखवायचे. आवाज अगदीच बेसूर. कॅसेटवाले हात जोडायचे. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, सीड्याही गेल्या आणि मग आण्णाही गेले. त्यांच्यामागं मी जात राहिले. मला एकदा ते ऐकायचं होतं. कुणीतरी भर गर्दीत माझं नाव घेतलं आणि त्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं राहिलं, तो आवाज मला ऐकायचा होता.

अतुलची मुलगी प्रेरणा, माझी भाची, आवाजाच्या संकलनाचं काम करते. नामांतराच्या त्या दशकावर काही पोरं माहितीपट करताहेत. त्यासाठी तेव्हा वस्त्यावस्त्यांत गाजलेल्या चौदा गाण्यांचा संच काढायचा, हे काम हिच्याकडं. सहा महिने ती लोकांचे माळे धुंडाळत होती. डिसेंबरात एका रविवारी पुंडलिकनगरला माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आत्या, ऐक ना, कसं साफ झालंय."

मी मटार सोलत होते. सातवं गाणं लागलं आणि माझा हात थांबला. आण्णांचंच गाणं! पण किती सुरेल. माझ्या डोक्यात आजवर ते बेसूरच होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आता थांबेल, आता चिठ्ठी निघेल.

लगेच तिसरं कडवं सुरू झालं.

"मधलं कुठाय?" मी ओरडलेच.

"मधलं काय?"

"बोलणं! नावं!"

प्रेरणाचा चेहरा उतरला. "ते काढलं गं. चौदाही गाण्यांतलं काढलंय."

मग मी तिला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल एवढं सुनावलं. तुझ्या बापाचं नाव होतं त्यात, तुला लहानपणापासून सांगून सांगून माझं तोंड दुखलं, कान कुठं ठेवले होतेस? ती शांतपणे म्हणाली, "मी ऐकून नाही कापत, आत्या. संगणकावर रेषा दिसतात. ढोलकी बंद आणि पेटीचा एकच सूर दिसला की तिथं बोलणं असतं, तेवढं उडवायचं. मूळ माझ्याकडं आहे. पण ही चौदाही गाणी ज्यांची आहेत त्यांनी कार्यक्रमांत भरलेल्या कॅसेटी याच अटीवर दिल्या. बोलणं कुणाला ऐकवायचं नाही."

"जिवंत आहेत?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"चिकलठाण्याला राहतात. मोतीरामबाबा."

"मग मला तरी ऐकव."

"शब्द दिलाय. पाळायचा असतो, हे तूच शिकवलंस."

स्वतःची शिकवण अशी पायात येते. मी मटार तसेच टाकले, साडी बदलली आणि प्रेरणाला घेऊन निघाले.

मोतीरामबाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कारखान्यात लेथ मशीनवर नोकरी झाली, आता मुलाकडं राहतात. अंगणात उन्हाला बसले होते. गळ्याचं ऑपरेशन झाल्यानं आवाज नुसता खरखरता उरलाय. जयभीम झाला, पाणी झालं, आणि मी वाटेत घोकलेलं सगळं विसरून थेट तोंड सोडलं.

"बाबा, तुम्ही ती नावं का काढायला लावली?"

त्यांना राग आला नाही. लाजल्यासारखे झाले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमाला काय सांगू? मी गाणारा मानूस. लिव्हायचं मी, चाल माझी. तिसरं कडवं लई जीव लावून केल्यालं. पन नावं वाचली की लोक उठायचे. ज्याचं नाव आलं तो उठायचा, त्याच्या मागं त्याचा सगा उठायचा. ज्याचं नाय आलं तो दुसऱ्या वस्तीत हुडकायला जायचा. तिसरं कडवं मी रिकाम्या सतरंजीला म्हनायचो. आता गळा गेला. म्हनलं, एकदा तरी लोकांनी सलग ऐकावं. तेवढीच तमन्ना हाय."

त्या सतरंजीवरून उठलेल्यांत माझा बापही होता. आणि तिसरं कडवं तासाभरापूर्वी आमच्या भांडणामागं वाजतच होतं, ते मी ऐकलं होतं. त्यात आई लेकराला म्हणते, तू पुढं बघून चाल, मागचं मी बघते. माझी आई ओढ्याकडेनं चालताना अगदी हेच म्हणत होती. आण्णांनी हे ऐकलं असतं तर त्यांचा ऊर भरून आला असता.

"राहू द्या बाबा," मी म्हणाले. "गाणं सलगच राहू द्या. मी भांडायला आले होते, पण तुमचंच बरोबर आहे. फक्त एक सांगते आणि जाते. दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही माझं नाव वाचलं होतं. पारूबाई, करुणा, अतुल. माझे वडील उठून अनवाणी पळत आले. अकरा दिवसांची दाढी वाढलेली, अतुल त्यांना ओळखेना, रडून शाळा डोक्यावर घेतली. आई हसत होती, मला आठवतं. मी शिकले, नोकरीला लागले, अतुलचा संसार झाला, ही पोरगी झाली. हे तुमच्यामुळं झालं. आण्णांना तुमचे पाय धरायचे होते, ते राहून गेलं. म्हणून मी धरते."

मी वाकले, तर त्यांनी माझे हातच धरले.

"म्हंजे तुमी सापडलात?" ते म्हणाले.

"सापडलो की, बाबा. त्याच संध्याकाळी."

"कुनी सांगाया आलंच नाय, बाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "आमी वाचायचो, मानसं उठून जायची. खरंच भेटली का हुकली, कुनाला ठावं? कुनी इथं राहिलं, कुनी मुंबईला गेलं. सत्तेचाळीस वर्ष मी म्हनतो, मोतीराम, तुझं गानं टाकून लोक उठत हुते. आनि ते आपल्या लेकराकडं पळत हुते व्हय!"

मग त्यांनी प्रेरणाला हाक मारली. "पोरी, ते बोलनं लाव. समदं लाव."

तिनं मोबाइलवर मूळ लावलं. पेटीचा सूर, पोरांचा गलका, आणि मग एक तरणा, भरदार आवाज. गावाचं नाव, बाईचं नाव, लेकरं किती, कोणती शाळा. सातवं नाव माझ्या आईचं. "पारूबाई रामकिसन, दोन लेकरं, करुणा आनि अतुल, सुखरूप हायेत, खोली तीन." त्याच्यामागं बारीकसा "आं!" असा आवाज आला आणि काहीतरी लवंडलं. तो आण्णांचा आवाज होता की दुसऱ्या कुणाचा, मला सांगता येणार नाही. मी तो आण्णांचाच धरला.

"हे जिथल्या तिथं बसव," बाबा प्रेरणाला म्हणाले. "चौदाच्या चौदा."

"आणि तिसरं कडवं?" मी विचारलं.

"ज्याला ऐकायचंय तो बसल. आता उठला तरी मला वाईट वाटायचं नाय."

मग त्यांनी प्रेरणाला मोबाइल जवळ धरायला लावला. खाकरले, पाठ ताठ केली, समोर माणसं बसल्यासारखी नजर टाकली आणि त्या खरखरत्या आवाजात म्हणाले, "पारूबाई रामकिसन, करुणा, अतुल. पोचले. पुढची नावं ज्यांची असतील त्यांनी पोचल्याचं कळवावं, पार्टी वाट बघती."

प्रेरणानं ते संचाच्या शेवटी जोडलं आणि खाली बाबांच्या मुलाचा नंबर दिला. चौदा जानेवारीला गेटवर संच निघाला. आठवडाभरात तीन फोन आले. एक नाशिकहून, एक कल्याणहून, आणि एक दौलताबादच्या म्हाताऱ्याचा, तो फोनवर नुसता रडत होता. मुलगा सांगत होता, बाबा हल्ली फोन वाजला की कुणाला उचलू देत नाहीत. स्वतः कानाला लावतात, आधी नाव विचारतात, मग गाव, आणि मग घाबरत घाबरत विचारतात, "पोचले हुते ना?"