महाराजांची बाटली

चौसाळ्याचा परमेश्वर, वय वीस, गळ्यात तुळशीची माळ. मारामारीच्या केसमध्ये तुरुंगात आला आणि पोरांच्या बराकीत ‘महाराज’ झाला. एकादशीला ढेकूणसुद्धा त्याला चावत नसत. खोटं वाटत असेल तर ढेकणांना विचारा. आंघोळीची पहिली बादली त्याची. त्याच्यावर हात उचलायची कुणाची छाती नव्हती. तिथं त्याचं वैभव काय ते एवढंच.

मग जिनत सिस्टर गुप्तरोगाच्या तपासणीला आल्या. लघवीसाठी एकेक बाटली हातात पडली, तशी भल्याभल्यांची तोंडं उतरली.

“महाराज, माझ्या बाटलीत तुमचंच टाका,” अंगद कुजबुजला. “तुमी निर्मळ.”

त्याच्यामागं साजिद, मग रामप्रसाद, अशी रांगच लागली. परमेश्वराला नाही म्हणवेना. कित्येक महिने लघवीला जळजळायचं, ते त्यानं देवालाही सांगितलं नव्हतं. माठभर पाणी पिऊन त्यानं साऱ्यांच्या बाटल्या भरल्या. माजलगावच्या धरणातून एवढं पाणी कधी सुटलं नसेल!

आठवड्यानं सिस्टरनी एकेकाला आडोशाला बोलावलं. जो तो परतला तो चुन्यासारखा पांढरा. सगळ्यांना लागण!

साजिद गुडघ्यात डोकं घालून बसला. “गोळ्यांनी बरं व्हतंय म्हनल्या. पर उज्माला बी तपासायला आणा म्हनल्या. निकाहला वरीस न्हाई झालं. काय सांगू तिला?”

“महाराजाला रोग कसा व्हईल? मशीनच बिघडली,” अंगद म्हणाला.

“मग बाटलीचं खरं सांगून टाकू?” साजिदनं विचारलं.

“अन् महाराजाचं नाव घ्यायचं? जीभ झडंल बे!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. परमेश्वर ऐकत होता. गप्प बसलं की पहिली बादली शाबूत. पण साजिदची मान काही वर येईना.

तो उठला, सिस्टर निघायच्या आत गजांशी गेला. “सिस्टर, मशीन बरोबर हाय. साऱ्या बाटल्यांत मीच हाय.”

सिस्टरनी नव्या बाटल्या काढल्या. “आता ज्याची त्यानं भरा. निघालं काही तर औषध आहे.”

दुसऱ्या दिवशी परमेश्वर आंघोळीच्या रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहिला.

“कावून मागं बे?” साजिदनं विचारलं.

“आता कुठला महाराज मी.”

साजिदनं बादली त्याच्यापुढं सरकवली. “या टायमाला माझी बाटली मीच भरलीय. काय निघंल, अल्लाला ठाऊक. निघालंच तर उज्माला सांगताना संग बसशील न्हवं?”

परमेश्वरानं अर्धी बादली अंगावर घेतली आणि अर्धी त्याच्यासाठी ठेवली.