डिंपलवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे. रावेरच्या ज्या घरात मी आलो, तिथे मला 'वाफेचं मशीन' म्हणत. खरे तर मी औषधाचे बारीक धुके करून नळीतून मुखवट्यात सोडतो. माझे काम एवढेच. पण लोकांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवल्या.

भुसावळच्या औषधाच्या दुकानातून नवीनने मला आणले, त्याच्या वडिलांच्या, चुडामण आबांच्या दम्यासाठी. आबा आल्यागेल्याला सांगत, "या मशीननं मले वाचवलं." मी फुशारून घरघरत असे.

नवीनचा मुलगा लोकेश पाच वर्षांचा होता. दणकट पोर. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये बापामागे दिवसभर धावायचा.

एका श्रावणात फ्लूची साथ आली. शेडवरून नवीनच ताप घेऊन आला. मग आबा, आबांची बायको झुंबरबाई, नवीनची बायको डिंपल असे एकेक जण आडवे झाले आणि चार-पाच दिवसांत उठलेही. धाकट्या हिताक्षीला शेजारणीकडे ठेवले होते, म्हणून ती सुटली. लोकेशचे ओठ मात्र तिसऱ्या दिवशी निळे पडले. डिंपलने मला त्याच्या तोंडाला लावले. मी जीव तोडून घरघरलो, पण त्याच्या फुप्फुसात जे माजले होते, ते माझ्या औषधाला जुमानणारे नव्हते. त्याला जळगावला नेले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तेरावा व्हायच्या आतच झुंबरबाई चारचौघांत बोलल्या. "दम्याचा म्हातारा उठून बसला अन् धडधाकट पोरगं गेलं? काहून? हिनंच त्याले ओल्या अंगानं पंख्याखाली निजवलं."

"मी पुसलं होतं त्याला, आई," डिंपल म्हणाली.

ताप घरात कोणी आणला, हे नवीनला ठाऊक होते. तो जमिनीकडे पाहत राहिला. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला बोलता येत नाही. त्याला येत होते.

डिंपलने दीड वर्षाच्या हिताक्षीला कडेवर घेतले, मला पिशवीत घातले आणि ती जामनेरला माहेरी आली.

दोन वर्षांनी हिताक्षीलाही फ्लू झाला. डिंपलने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ताप चढताच तिला थेट जळगावला नेले. अकरा दिवस यंत्राने श्वास दिल्यावर पोर वाचली. तिथल्या डॉक्टर कामिनींनी विचारले, "घरात आधी असं कुणाला झालं होतं?" डिंपलने लोकेशचे सांगितले. डॉक्टरांनी नवीनला रावेरहून बोलावून हिताक्षीचे आणि आईवडिलांचे रक्त मुंबईला तपासायला पाठवले.

रिपोर्ट आला तेव्हा माहेरून मागाहून आलेल्या सामानाबरोबर मीही तिथेच होतो. डॉक्टर म्हणाल्या, "विषाणू शिरला की शरीरातल्या पेशी धोक्याची हाक देतात. ती हाक उठवणाऱ्या एका जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक चांगली असली तरी भागतं. तुम्हा दोघांकडे एकेक बिघडलेली आहे, म्हणून तुम्ही ठणठणीत. हिताक्षीला दोन्ही बिघडलेल्याच मिळाल्या. लोकेशचंही तेच झालं असावं. यात कुणाचीही हयगय नाही. पण दरवर्षी घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, आणि ताप आला की एक तासही थांबू नका."

बाहेरच्या बाकावर नवीन म्हणाला, "तुझी काही चूक नव्हती, डिंपल. आईलेही सांगतो. घरी चल."

"कागदावर आलं म्हणून?" डिंपलने विचारले. "एक प्रत तुमची निघाली, म्हणून माझा दोष अर्धा झाला का? अन् हा रिपोर्ट आलाच नसता तर?"

नवीनने मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढून घेतला.

डिंपल रावेरला गेली नाही. नवीनने झुंबरबाईंना रिपोर्ट वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

आता हिताक्षी बालवाडीत जाते. माझी मोटर बंद पडली आहे आणि मी फळीवर धूळ खातो. त्याचे मला दुःख नाही. तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्हाला सर्दी-ताप असेल तर लहान लेकरांपासून दूर राहा. एकाच तापाने एक जण उठतो आणि दुसरा जातो, तेव्हा त्याचे कारण कुणाच्याही हातात नसलेले असू शकते. म्हणून लेकरू गमावलेल्या आईला 'तू काय केलंस?' असे कधी विचारू नका. डिंपल आजही लोकेशचे अंग नीट पुसले होते का, हे आठवत बसते. रिपोर्ट तिच्या कपाटात आहे, तरीही.