सासूबाईंचे देव

उर्मिलानं लपवून काही ठेवलं नव्हतं. आपण येशूवर विश्वास ठेवतो हे तिनं आधी नवऱ्याला, विपुलला सांगितलं, मग सासूबाईंना, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही. विपुलचं म्हणणं होतं, रविवारी योगा क्लासला जातेय असं सांग, उगाच चर्चा नको. ती म्हणाली, खोटं बोलून जायचं तर जायचंच कशाला?

त्याआधीच्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या प्रत्येकानं काही ना काही कारण सांगितलं. कुणाची नजर, कुलदेवीचा राहिलेला मान. वॉर्डांतून प्रार्थना करत फिरणारी चंपा नावाची बाई मात्र कारण न सांगता नुसती शेजारी बसून राहिली आणि जाताना नव्या कराराचं छोटं पुस्तक ठेवून गेली. उर्मिलानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि इंद्रलोक वस्तीतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या चंपाच्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागली.

मोठे दीर पंढरीनाथ हे ऐकून तडक घरी आले. घराण्याची मिठागरं जाऊन तिथं टॉवर उभे राहिले होते, तरी भावकीत शब्द त्यांचाच चालायचा. या घरात राहायचं तर हे सोड, असं त्यांनी बजावलं. उर्मिलानं चहा पुढे ठेवला आणि सोडणार नाही म्हणून सांगितलं. चहा तसाच राहिला. त्यानंतर ते तिच्या हातचं पाणीही घेईनात.

सासूबाई, रुक्मिणी, रागावल्या होत्याच. पण पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक त्यांना धुता येत नव्हते.

“तुजा देव तुज्यापाशी,” त्या म्हणाल्या. “पन माजे देव पारोसे ठेवायचे न्हाय.”

उर्मिला टाक धुवायची, पुसायची, सासूबाई बोट दाखवतील तिथं मांडायची आणि फुलं त्यांच्या डाव्या हातात द्यायची. नमस्कार करायची नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग सोडून दिलं.

मंडळीत ही गोष्ट तिनंच सांगितली. पास्टर गुणवंत गंभीर झाले. ते काही वरवरचे नव्हते. विश्वासात आले तेव्हा वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं, आणि ते परत फिरले नव्हते. उर्मिलाचा बाप्तिस्मा उत्तनच्या किनाऱ्यावर ठरला होता. त्याआधी हे थांबव, कामाला बाई ठेव, असं त्यांनी सांगितलं.

“मी त्या देवांपुढे वाकत नाही, पास्टर. त्यांचा हात चालत नाही, म्हणून माझा देते.”

“आज हात देतेस. उद्या मन देशील.”

“मनाचा जबाब मी येशूला देईन.”

त्यांनी तिचा बाप्तिस्मा पुढे ढकलला. बाकीचे उत्तनला गेले, ती राहिली. पुढच्या रविवारी बायकांना वाटलं, आता ही यायची नाही. उर्मिला आली, नेहमीसारखी पुढच्या ओळीत बसली आणि मोठ्यानं गायली. त्यानंतरही एक रविवार चुकवला नाही. सकाळी टाक धुवायचेही चुकवले नाहीत.

गणपतीनंतर सासूबाई गेल्या. पंढरीनाथ दारातूनच म्हणाले, बाटलेल्या बाईनं आईला हात लावायचा नाही. आतल्या बायका थबकल्या. उर्मिला पाण्याची बादली घेऊन उभी होती.

“इतके दिवस मीच आंघोळ घातली,” ती म्हणाली. “आजची पण मीच घालणार.”

ती बाजूला झाली नाही. शेवटी पंढरीनाथच बाहेर गेले.

काही दिवसांनी पास्टर भेटायला आले. त्यांनी प्रार्थना केली, विपुलची विचारपूस केली आणि हलक्या आवाजात म्हणाले की, आता अडथळा राहिला नाही.  सासूबाई अडथळा नव्हत्या, हे परत म्हणू नका, असं उर्मिलानं त्यांना तोंडावर सांगितलं. बाप्तिस्म्याला मात्र ती येणार होती.

उत्तनला भरती होती. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. उर्मिला आत गेली, तिच्या मागून चंपाही. रीतीप्रमाणे पास्टरांनी विचारलं, कशाकशाचा पश्चात्ताप करतेस? तिनं दिरांबद्दलचा द्वेष सांगितला. दुसऱ्यांची बाळं बघून पोटात पडणारी आग सांगितली. हे सांगताना ती रडली.

“आणि ते देव?” पास्टर म्हणाले.

“त्याचा पश्चात्ताप नाही. होणारही नाही.”

“मला अजून पटलेलं नाही, उर्मिला.”

“नाही पटलं तर राहू दे. पण पाण्यात उभं करून माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नका.”

लाट आली, तिघंही डगमगले.  मग पास्टरांनी तिच्या पाठीमागे हात धरला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिला पाण्याखाली घेतलं आणि वर आणलं.

परतीच्या बसमध्ये विपुलचा फोन आला. दादा घरी येऊन बसलेत, तू जरा उशिरा ये, केस वाळवून ये, असं तो दबक्या आवाजात सांगत होता.

“त्यांना थांबायला सांग,” उर्मिला म्हणाली. “मी येतेय.”