ज्या गावाचा पुकारा झाला नाही

तुम्ही आण्णांच्या हातातला माईक काढून घेतलात आणि आता विचारताय, तुमच्या कुस्ती लीगला माणूस का येत नाही?

आण्णा सुतार शाहूपुरीत पंक्चर काढायचे आणि तीस वर्षं कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचे. हातात कागद नसे. लढणाऱ्या दोघांची जोड मैदानात फिरवताना पैलवानाचं गाव, आई-बाप, वस्ताद एवढंच सांगायचे. गाव पुकारलं की त्या गावची माणसं उठून उभी राहायची. पुकाऱ्याआधी कुणी उठत नसे, तो समोरच्या पैलवानाचा अपमान.

तुमच्या सल्लागारांनी गावं पुसली. गारगोटीच्या पैलवान संघप्रियाची 'मिस थंडर' केली. जिच्यासाठी प्रेक्षक उठणार नाहीत, तिला पुढचा हंगाम नाही, असा नियमही काढला. आण्णा तुमच्या ऑफिसात आले. पोरीचं गाव एकदा पुकारू द्या, एवढंच मागितलं. तुमचा मॅनेजर हसला.

"काका, फॅनला एंटरटेनमेंट लागते. गाव कशाला?"

"मग फॅन येतोय कुठनं, पावणं? आभाळातनं?"

त्यांना पास देऊन वाटेला लावलं.

कुस्तीच्या दिवशी गारगोटीहून टेम्पो भरून चाळीस माणसं आली. धूर सोडला, डीजे लावला, तोंडाला चमकी फासलेली पोर मॅटवर आली. चाळीस माणसं बसून राहिली. आण्णा कठड्याशी गेले, तोंडाशी हात धरून गावाचं नाव ओरडले. डीजेत नुसते ओठ हलताना दिसले. संघप्रियाने चौथ्या मिनिटाला समोरचीला चितपट केलं, गॅलरीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

गॅलरीत मी शेजारी बसलेल्या तिच्या आईला, शालनबाईंना, विचारलं, पोरगी ओळखली नाही का?

"न वळखायला काय झालं? माझीच हाय की. पर गाव पुकारलं न्हाय. आमी वाट बघत बसलो. न पुकारता कसं उठायचं?"

तुमच्या कागदावर आलं: प्रतिसाद शून्य. जिंकलेल्या पोरीचं नाव कापलं.

संघप्रिया आता इचलकरंजीत लूमवर पाळी करते. आण्णा दुकानात असतात. गिऱ्हाईक आलं की सवयीनं गाव विचारतात, आणि ऐकून पंक्चर काढायला खाली बसतात.

जिच्यासाठी चाळीस माणसं उठायला बसली होती, तिच्या गावाचं नाव घ्यायला तुमचं काय दुखत होतं? सल्लागाराला विचारू नका. तुम्ही सांगा.