शनिवारची सायकल

दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण ज्याने काढली तो सातपूरच्या एमआयडीसीत कामाला असणार. सगळ्या जगाला सुट्टी रविवारी आणि आम्हाला शनिवारी. विजेचा भार वाटला जावा म्हणून कधीतरी तसं ठरलं आणि तसंच राहिलं. माझी तृप्ती चौथीत. रविवारी ती दिवसभर घरी, तेव्हा मी कंपनीत सर्किट बोर्डावर पार्ट जोडत बसलेली. शनिवारी सकाळी तिची शाळा, दुपारी ती मोकळी. आम्हा मायलेकींच्या वाट्याला आठवड्यातली तेवढी एक दुपार यायची.

२००६ साली कंपनीने पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. आम्हा बायकांना हॉलमध्ये बसवून चहा-समोसा दिला. आता हा काम वाढवायला सांगणार, असं धरूनच मी बसले होते. पण तो म्हणाला, "मोठमोठी ध्येयं ठेवू नका, ती मोडतात. तुम्हाला मनापासून काय महत्त्वाचं वाटतं ते शोधा आणि झेपेल एवढंच ठरवा." माणूस शहाणा वाटला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "शनिवारी दुपारी मुलीला सायकल शिकवायची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर साहेबांनीही वाजवल्या.

महिन्याभरात तेच साहेब शनिवारी ओव्हरटाइमला या म्हणाले, तेव्हा मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. पुढे लाइन लीडरची जागा निघाली, ती माझ्या मागून लागलेल्या विमलाबाईला मिळाली. राग आलाच. पण मनात एक ताठाही होता, की मी लेकीसाठी काहीतरी सोडलंय.

ती दुपार माझ्या मालकीची नव्हती, हे मात्र मला कळायचं होतं. सरिताला शनिवारी सुट्टी असते, हे साऱ्या खानदानाला पाठ. दळण शनिवारी, गॅसच्या रांगेत शनिवारी, सासूबाईंचे डोळे दाखवायचे तेही शनिवारी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी वर सासरची नांदगावची माणसं यायची. "तुला सुट्टी हाय म्हणून त्यांना शनिवारचंच बोलावलं," सासूबाई सांगायच्या. जणू माझ्यावर उपकारच.

उरलासुरला अर्धा तास सायकलचा. मी सीट धरून गल्लीभर धावायचे, घामाघूम व्हायचे आणि तृप्ती दर वेळी कलंडायची. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी तेच. एकदा माझा तोल सुटला. "गल्लीतली सगळी पोरं शिकली. तुझंच लक्ष नसतं. तुझ्यापायी मी कशाकशावर पाणी सोडलंय, माहितीये का?" ती मान खाली घालून फ्रॉकच्या टोकाने सायकलची घंटी पुसत राहिली.

जानेवारीत एका रविवारी कंपनीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. अशोकनगरच्या स्टॉपवर बसमधून उतरले, तर समोरून तृप्ती येत होती. सायकलवर. मागे कॅरिअरवर शेजारच्या जहिदाभाभींची अरफा, डबलसीट. तृप्ती एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने अरफाला काहीतरी दाखवत होती आणि दोघी खिदळत होत्या. मी भाजीच्या गाडीआड झाले. पोटच्या पोरीपासून लपायची वेळ माझ्यावर आली.

घरी नवरा पेपर वाचत होता. तो मनमाडला रेल्वेत, रविवार त्याचा हक्काचा.

"तृप्तीला सायकल येते?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीच आली." त्याने पेपर खालीसुद्धा घेतला नाही. "मी शिकवली एका रविवारी. तासाभरात शिकली."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मीच म्हटलं तिला, मम्मीला सांगू नको. तुझं ते ध्येय का काय आहे ना. उगाच तुला वाईट वाटलं असतं."

सासूबाई तिथेच लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

संताप कोणावर काढायचा तेच मला कळेना. मी लेकीला वेळ देते, या तोऱ्यात मी होते. आणि ती एवढीशी पोर दर शनिवारी मला वेळ देत होती, वर माझी बोलणी खात होती.

पुढच्या शनिवारी नेमकं एकही काम निघालं नाही. तृप्तीने सायकल बाहेर काढली आणि सीटवर बसून म्हणाली, "मम्मी, घट्ट धर हं."

मी धरली, धावले आणि गल्लीच्या मध्यावर हात सोडला. सायकल सरळ गेली, जराही डुलली नाही. मग तिने मागे वळून पाहिलं. मी लांब उभी आहे हे दिसताच तिने हँडल मुद्दाम वळवलं आणि पडली. गुडघा चांगलाच सोलवटला.

"मला जमतच नाही गं," ती म्हणाली.

नळाखाली मी तिचा गुडघा धुतला. तिला जवळ घेऊन सांगावं, की मला सगळं कळलंय, असं फार वाटलं. पण मग इतके महिने ती पडली, ते सगळं फुकट गेलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही.

"राहू दे आता सायकल," मी म्हटलं. "शनिवारी ओव्हरटाइमला जाईन म्हणते."

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. "तुला वाईट नाही ना वाटणार?"

"नाही."

"मग मी अरफाकडे जाऊ?" हे विचारताना तिचा चेहरा असा मोकळा झाला, की आजवरच्या एकाही शनिवारी मी तो तसा पाहिला नव्हता.

कोपऱ्यापर्यंत ती लंगडत, सायकल हाताने ढकलत गेली. कोपरा वळली आणि पलीकडून घंटी वाजली.