उतारावरच्या चराचे गाऱ्हाणे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कोरडा दिसलो म्हणून मला मेलेला समजू नका. तसे समजून आजवर फार जणांनी माझ्यावर उपकार केले आहेत. मी डोंगरउतारावर आडवा खणलेला एक दगडी चर आहे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर लिंगवोग नावाचे गाव आहे. खाली समुद्राची अरुंद खाडी, खाडीच्या काठाला गाव, गावाच्या पाठीशी उभा चढ, आणि त्या चढाच्या कमरेला करगोटा बांधावा तसा मी.

सिगवार्ट नावाच्या शेतकऱ्याने मला खणले. त्याआधीच्या वसंतात वरचा बर्फ एकदम वितळला, जमीन पाणी पिऊन फुगली आणि एका दुपारी त्याच्या गोठ्याची मागची भिंत चिखलासकट गाईंच्या अंगावर आली. सिगवार्ट फारसा बोलणारा माणूस नव्हता. त्याने मेलेल्या गाई पुरल्या आणि पहार उचलली. तो खणायचा, त्याची बायको मार्टा दगड निवडायची. तळाला चपटे, बाजूंना उभे, आणि साऱ्याला एका अंगाला हलकासा उतार. वरून झिरपत येणारे पाणी मी अडवायचे आणि कडेच्या ओढ्यात नेऊन सोडायचे. बस्स, एवढेच माझे काम.

ऐकायला क्षुल्लक वाटले ना? तीच तर माझी रड आहे. पूल बांधला की लोक त्यावरून जातात, दिवा लावला की उजेड पडतो. माझे काम नीट झाले की काहीच होत नाही. आणि बरीच वर्षे काहीच झाले नाही, की लोक विचारतात, याची गरजच काय?

सुरुवातीला माझे दिवस चांगले गेले. शाळेचे मास्तर मुलांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, भांडण न करता पाण्याला वाट कशी दाखवायची ते." ते ऐकून मी अगदी फुगून जात असे. सिगवार्टच्या मागे त्याची मुलगी गुडवाइग दर शरदात माझ्यातला पाला काढायची. मग तिचे गुडघे गेले. मेंढ्या विकल्या. माझ्यात शेवाळ धरले, बर्चची रोपे उगवली, त्यांची झाडे झाली. कोणी फिरकेना. एखादी वस्तू विसरायची असेल तर तिच्यावर गवत उगवू द्यावे, दुसरे काही करावे लागत नाही.

अशात आउडुन आला. तो वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. गावातलाच घरे बांधणारा. तरुण जोडपी शहराकडे निघाली होती, शाळेतली मुले कमी होत होती आणि गावात सपाट जागा उरली नव्हती. उरला होता तो हा उतार. त्यावर ऊनही भरपूर. गुडवाइगने तो त्याला विकला. व्यवहार झाल्यावर दोघे इथे चढून आले. म्हणजे आउडुन चढला, गुडवाइग त्याच्या दंडाला धरून आली.

"घरं बांध," ती म्हणाली, "पण चराला हात लावू नकोस."

"कुठला चर?" आउडुनने विचारले.

तो माझ्यात उभा होता.

थोड्याच दिवसांत त्याचा आराखडा नगरपालिकेत गेला. बावीस घरे, तीन रांगांत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक. तो तपासायचे काम इंगुन नावाच्या बाईकडे होते. ती गावातच राहायची, तिची मुलगी सुन्निवा खालच्या शाळेत जायची. इंगुन उतार पाहायला आली ती हातात नकाशा उघडून. नजर कागदावर, पाऊल माझ्यात. मांडीपर्यंत आत गेली.

"हे काय आहे?" तिने खाली उभ्या आउडुनला विचारले.

"काही नाही गं, खड्डा आहे."

"खड्डा सरळ रेषेत डोंगरभर जातो का रे?"

"जुनी काहीतरी शेतीची भानगड असेल. लागलं का तुला?"

"लागलं. नकाशात हा कुठे दिसत नाही."

"नकाशात खड्डे दाखवत नाहीत, इंगुन."

"मग घरं कशावर दाखवलीस?"

मला वाटले, चला, सुटलो. कसला सुटतोय! आराखडा परत गेला आणि दुरुस्त होऊन आला. त्यात मी होतो, पण पायवाट म्हणून. दोन बाकडीही काढली होती. म्हणजे पाण्याच्या वाटेवर म्हाताऱ्यांनी बसून खाडी बघायची. इंगुनने तोही परत पाठवला. तिसऱ्या खेपेला मला मधल्या रांगेखालून प्लॅस्टिकच्या नळात घातले होते आणि सोबत एका तज्ज्ञाचा दाखला होता. उतारावर वाहते पाणी आढळले नाही, असे त्यात लिहिले होते. तो तज्ज्ञ आला होता भर जुलैमध्ये, उघड्या उन्हात. चूल विझल्यावर धुराड्याला हात लावून बघावे आणि इथे चूल पेटत नाही असे लिहावे, तशातली गत!

मग निर्णय घेणारी समिती पाहणीला आली. तीही उन्हाळ्यातच. अध्यक्ष ओड्डवार म्हणजे फेरीबोटीचा निवृत्त कप्तान, आनंदी गडी. तो माझ्या कडेवर ऐसपैस बसला. गरम कॉफी निघाली, वॅफल आणि तपकिरी चीज निघाले, सगळे खाडीकडे तोंड करून खाऊ लागले. उताराकडे पाठ.

"इंगुन, पाणी कुठंय तुझं?" ओड्डवार म्हणाला. "माझ्या बुटाला धूळ लागलीय."

"ऑक्टोबरात या, दाखवते."

"ऑक्टोबरात चढायला माझे गुडघे तयार होतील का?"

"पाणी तुमच्या गुडघ्यांना विचारून उतरत नाही."

सगळे हसले. पण समितीतली एक बाई हसली नाही. तिने कप खाली ठेवला. "हसण्यावारी नेऊ नका. घरं झाली नाहीत तर शाळेचे वरचे वर्ग बंद होणार. तुझी सुन्निवाच बसने खाडीपलीकडे जाईल, इंगुन. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि तरी?"

इंगुनने खाली बोट दाखवले. "शाळा कुठे आहे बघ. बरोबर याच्या पायथ्याशी."

सगळ्यांनी वाकून खाली पाहिले. तरीही जाता जाता ओड्डवार म्हणालाच, "चाळीस वर्षं बघतोय मी हा डोंगर. कधी काही झालं नाही." मित्रांनो, मला तोंड असते तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. काही झाले नाही, कारण मी होतो! पण दगडाला नुसते ऐकून घ्यायचे असते.

इंगुन हटली नाही. उतार ओला असताना पाहिल्याशिवाय माझा अहवाल पूर्ण होत नाही, असे तिने ठणकावून सांगितले. अखेर ऑक्टोबरात, धो धो पावसात, समिती पुन्हा आली. मेणकापडाचे कोट, कपाळाला आठ्या, कॉफीचे नाव नाही. दरम्यान आउडुनने यंत्र वर नेण्यासाठी एक कच्ची वाट काढली होती आणि तिथे मला मातीने बुजवले होते. त्या ठिकाणी पाणी येऊन थांबले, चढले आणि माझ्या काठावरून खाली गेले. खाली गेले म्हणजे दिसेनासे झाले. गवताखाली शिरले.

आउडुन सगळ्यात पुढे होता. मधल्या रांगेतले पहिले घर जिथे यायचे, तिथे तो पोचला आणि थबकला. त्याने एक पाय उचलला, पुन्हा टेकवला. भोवतालचे गवत पाण्यावर टाकलेल्या गादीसारखे हलले.

"मागे या," तो म्हणाला. "कुणी पुढे येऊ नका."

तो हळूच मागे सरकला.  इंगुनच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघे पावसात खाली शाळेच्या छपराकडे बघत राहिले.

"आराखड्यातून वरच्या दोन रांगा काढ," तो शेवटी म्हणाला. "पण ज्यांना घराचा शब्द दिलाय, त्यांना आता काय सांगू?"

"खरं ते सांग. शिव्या माझ्या नावावर घाल."

लोकांनीही त्या तशाच घातल्या. पायथ्याजवळच्या मंद उतारावर सात घरांना मंजुरी मिळाली, तीही मला मोकळे ठेवायचे आणि नव्या रहिवाशांनी साफ करायचे, या अटीवर. आउडुनने स्वतः येऊन माझ्यातली माती काढली, बर्चची झाडे मुळासकट उपटली. इंगुन फावडे घेऊन मदतीला आली, तेव्हा ती म्हणाली, "दुकानात आता माझ्याशी कुणी बोलत नाही, 'आली बघा पाण्याला भिणारी' असं मागून ऐकू येतं." सात घरांची मुले शाळेला पुरली नाहीत. वरचे वर्ग बंद झाले. सुन्निवा बसने खाडीपलीकडे जाऊ लागली. रोज सकाळी ती बस वळणावरून जाताना मला दिसते आणि ती दिसली की मला बरे वाटत नाही.

दोन वर्षांनी असा पाऊस पडला की गुडवाइगलाही तसा आठवत नव्हता. मी काठोकाठ भरून धावलो. सिगवार्टने लावलेला एकही दगड हलू दिला नाही. अंग नुसते ठणकत होते. पाऊस थांबला, ऊन पडले. खाली शाळेच्या अंगणात मुले खेळत होती.

त्याच आठवड्यात ओड्डवार फिरत फिरत वर आला. इंगुन माझ्यातला पाला काढत होती.

"बघ," तो म्हणाला, "एवढा पाऊस झाला. झालं का काही? उगाच घाबरवलंस गावाला."

इंगुनने कंबर सरळ केली. मग तिने फावडे त्याच्या हातात दिले. "इथून त्या वळणापर्यंत तुम्ही करा," ती म्हणाली. "बोलायला नंतर बसू." आणि नवल म्हणजे कप्तानाने केले. कुरकुरत, पण केले.

मित्रांनो, इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण नाताळानंतर खालच्या नव्या घरातला व्हेगार्ड नावाचा गृहस्थ आपले वाळलेले नाताळचे झाड ओढत वर आला आणि माझ्यात टाकून गेला. त्याला वाहून आलेला पाला अडकला, पाल्याला माती अडकली. इंगुनने ते पाहिले आणि सरळ त्याचे दार ठोठावले. दार उघडताच मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"वरचं झाड तुमचं का?"

"हो. पडलं असू दे तिथे, कुजून जाईल. तो नुसता जुना खड्डा आहे ना?"

तिने वर माझ्याकडे बोट दाखवले. मग म्हणाली, "बूट घाला. चला माझ्याबरोबर."

दोघांनी मिळून ते झाड बाहेर ओढले. फांद्यांमागे तुंबलेले पाणी खळकन सुटले आणि वाहू लागले, तेव्हा व्हेगार्ड दचकून मागे सरला. "इतकं पाणी होतं यात?" असे म्हणून त्याने आधी आपल्या घराच्या छपराकडे पाहिले आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे.

तर मित्रांनो, तुमच्या गावातही माझा कोणी भाऊबंद असेल. एखादी मोरी, एखादे गटार, बांधाखालची एखादी नाली. त्याची पूजा करू नका, त्याच्यावर निबंधही लिहू नका. त्याच्यात कचरा टाकू नका आणि वर्षातून एकदा त्याच्यातला पाला काढा. आणि कोणी विचारलेच, "काही होत तर नाही, मग हे कशाला?" तर वाद घालू नका. त्याच्या हातात फावडे द्या.