हजेरीची सही

"ही सही तुमचीच ना, अण्णा?"

रघुनंदनने हॉस्पिटलच्या रजिस्टरच्या पाच वर्षांच्या झेरॉक्स पुढे सरकवल्या. तो संपादक, पण वार्ताहर हयवदनपेक्षा वयाने लहान. दोघांची घरची भाषा मराठी; कन्नड दैनिकाच्या त्या कचेरीत ती दार लावल्यावरच बोलली जाई. आज दार लावलेलं होतं.

सही हयवदनचीच होती. पत्रकार परिषदेला आत शिरताना रजिस्टरात सही करायची आणि निघताना पैशांचं पाकीट घ्यायचं, ही रीतच. सव्वीस वर्षांत त्याने सही चुकवली नव्हती आणि पाकीट घेतलं नव्हतं.

"ही हजेरीची सही आहे, सर."

"पुढचा रकाना बघा."

प्रत्येक सहीपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं: पाकीट दिलं.

"हे हॉस्पिटलच्या पीआरओचं, नागराजचं अक्षर! मी त्याच्याच हातात परत द्यायचो. 'सरी सार, बरं, तुम्ही देवमाणूस' म्हणायचा."

"आणि देवाचा नैवेद्य स्वतः खायचा." रघुनंदन हसला. मग हसू आवरून म्हणाला, "हॉस्पिटलवाले हेच कोर्टात दाखवतील. म्हणतील, पाच वर्षं घेत होता, यंदा जास्त मागितले, दिले नाहीत म्हणून बातमी. मी ती थांबवतोय."

पाकीट परत केलं की आपलं काम संपलं, असंच हयवदन समजत आला होता. ते पुढे कुठे जातं, हे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं.

बातमी के. आर. पुरमच्या नयनाच्या मुलीची होती. आगाऊ रक्कम भरेपर्यंत हॉस्पिटलने तिला दाखल केलं नाही. मुलगी बाकावरच गेली. तीन महिने खपून त्याने कागद जमवले होते.

"कागद खरे आहेत, सर."

"कागद खरेच आहेत. तुम्ही खोटे ठरताय."

"बाहेर कुणालाही विचारा, मी घेतो का!"

"विचारलं, अण्णा." रघुनंदनचा आवाज मऊ झाला. "सगळे म्हणाले, घेतात, पण गवगवा करत नाहीत. फार सज्जन माणूस."

जिन्यातच फोन वाजला. नयना होती.

"काका, उद्या नक्की ना? पाच अंक सांगून ठेवलेत. एक नागपूरला सासूबाईंना पाठवते."

"नाही येणार, बाळ. उद्या नाही. बहुतेक कधीच नाही."

तिने हलकेच विचारलं, "तुम्हाला किती दिले, काका?"

आवाजात रागसुद्धा नव्हता. तिने फोन ठेवला नाही. आकडा ऐकायला ती थांबून राहिली होती.